एकटं असताना छातीत दुखू लागलं तर

प्रश्न : मी 62 वर्षांची आहे, एकटी राहते. हार्ट अटॅक आल्यावर दर दोन सेकंदांनी जोरात खोकत राहावं म्हणजे जीव वाचतो, असा मेसेज मला वरचेवर येतो. यात तथ्य आहे का? नसेल तर नेमकं काय करावं?

उत्तर : तथ्य नाही, आणि त्यात मोलाचा वेळ जातो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने अडते. हृदय चालूच असतं. खोकून गुठळी हलत नाही. अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटर समोर असताना ठोके एकाएकी बिघडले, तर डॉक्टर पेशंटला काही सेकंद खोकायला सांगतात. त्यावरून हा मेसेज निघाला असावा. हृदय खरोखरच बंद पडलं तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, मग खोकणार कोण?

शुद्ध आहे तोवरच तुम्हाला काही करता येतं, म्हणून कामांचा क्रम चुकवू नका. पहिला फोन रुग्णवाहिकेला. मुलाला किंवा बहिणीला नंतर. ते घाबरून दहा प्रश्न विचारतील. बोलताना आधी पत्ता आणि मजला सांगा, मग "छातीत दुखतंय, घरात एकटी आहे". बोलणं मध्येच तुटलं तरी गाडी कुठे पाठवायची हे त्यांना कळलेलं असतं. फोन स्पीकरवर चालू ठेवा.

मग दाराची कडी आणि साखळी काढून दार नुसतं लोटून ठेवा. रुग्णवाहिका वेळेत येऊनही दार तोडण्यात मिनिटं गेली तर काय उपयोग? जिना उतरून खाली जाऊन थांबू नका. चालण्याने हृदयाची रक्ताची मागणी वाढते, आणि नेमका पुरवठाच अडलेला असतो.

यानंतर ॲस्पिरिन. साधी 300 किंवा 325 मिलिग्रॅमची एक गोळी. घरात 75 च्या असतील तर चार. गिळायची नाही, चावून बारीक करायची, कारण चावलेली गोळी लवकर रक्तात उतरते. वर कठीण आवरण असलेली गोळीही चावूनच घ्या, नाहीतर ती पोटात बराच वेळ तशीच राहते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर फोनवरच्या माणसाला विचारल्याशिवाय घेऊ नका. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर मुळीच नको. तो पक्षाघात असू शकतो. आणि गोळी शोधायला घरभर फिरू नका, हाताशी नसेल तर राहू द्या.

आता दाराजवळ जमिनीवर बसा. पाठ भिंतीला, गुडघे वाकवलेले. खुर्चीवर भोवळ आली तर पडून डोक्याला मार लागतो. अटॅकमध्ये घाम फुटतो, मळमळतं, कधी संडासला जावंसं वाटतं. अशा वेळी आत जाऊन कडी लावणं फार धोक्याचं.

स्वतः गाडी चालवत तर मुळीच निघू नका. पहिल्या तासात ठोके बिघडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. रुग्णवाहिकेत शॉक देण्याचं यंत्र असेल तर ते तिथल्या तिथे सावरता येतात, स्टिअरिंगवर नाही.

प्रश्न : ॲसिडिटी आणि अटॅक यातला फरक घरी कसा ओळखावा?

उत्तर : खात्रीने नाही ओळखता येत. छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते हात, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणं, सोबत थंड घाम किंवा धाप, आणि काही मिनिटं बसूनही न थांबणं, एवढं फोन करायला पुरेसं आहे. काही मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांना छातीत दुखतही नाही. नुसती धाप, मळमळ, कमालीचा थकवा. ॲसिडिटीचं औषध घेऊन "अर्धा तास बघू" म्हणणं, हाच उशीर सगळ्यात जास्त दिसतो. बंद वाहिनी जितक्या लवकर उघडेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. ईसीजी नॉर्मल निघाला तर कुणी रागावत नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांकडे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आहे. मागून घ्यावी का?

उत्तर : नको. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली, त्याच्यासाठी. तिने रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी उतरतं. आधीच कमी असेल तर एकटं माणूस जागीच कोसळतं. लैंगिक दुर्बलतेवरची औषधं घेतली असतील, तर सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास ती जिवावर बेतू शकते. तुम्हाला स्वतःला लिहून दिली असेल तर बसूनच घ्या, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर थांबू नका, फोन करा.

शेजाऱ्यांकडे ठेवायचीच तर तुमच्या घराची जादा किल्ली ठेवा. लॉक असलेल्या मोबाइलवरही तुमची औषधं, ॲलर्जी आणि जवळच्या माणसाचा नंबर दिसेल अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती आजच भरून ठेवा.