अडवलेला ठोसा लागत का नाही?

प्रश्न : ‘स्ट्रीट फायटर २’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये साधा ठोसा अडवल्यास इजा होत नाही, विशेष हल्ला अडवल्यास मात्र थोडी होते. आमच्या आखाड्यात लाठी अडवली तरी हात झिणझिणतात. मग हे खरे कसे मानावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : खरे मानूच नये. प्रत्यक्षात अडवलेला प्रत्येक घाव हाताला आणि दमाला जाणवतोच. १९९१च्या या खेळाने मात्र ती झीज विशेष हल्ल्यांपुरतीच ठेवली (त्यातलाच एक, हातातून निघणारा ऊर्जेचा गोळा, कोणत्या वस्तादाने शिकवला, हे विचारू नये), कारण बचाव पूर्णपणे फुकट असता, तर आघाडीवरचा खेळाडू वेळ संपेपर्यंत बचावासाठी दांडी (जॉयस्टिक) मागे ओढून बसला असता. पकडून फेकण्याचा डाव त्या बचावाने अडत नाही, तोही याचसाठी. कुस्ती पाहिलेल्या आपल्याला निदान एवढे तरी पटावे.