पहिल्याच लेक्चरला सगळं डोक्यावरून गेलं!

प्रश्न: ताई, परवा युनिव्हर्सिटीतला माझा पहिला दिवस झाला. लागोपाठ तीन लेक्चर्स, हॉलमध्ये दोनेकशे मुलं, ना कुणी नाव विचारलं ना गाव, सर आले आणि थेट स्लाइड्स सुरू. मी सगळं उतरवून घ्यायला गेले, पण एक वाक्य होईपर्यंत ते दोन स्लाइड पुढे, शेवटी हात भरून आला आणि वहीत बघितलं तर माझंच मला लागेना. बाकीचे मस्त माना डोलवत होते, बऱ्याच जणांचं लॅपटॉपवर धडाधड टायपिंग चालू होतं. शाळेत मी हुशार म्हणून ओळखली जायचे, इथे पार ढ वाटतंय. विषय बदलू का? निदान लॅपटॉप तरी घेऊ का?
– एक घाबरलेली

उत्तर: अगं, विषयबिषय इतक्यात बदलू नकोस, निदान महिनाभर तरी नकोच. तुला विषय जड गेला असं मला वाटत नाही, लेक्चर हा प्रकारच नवीन आहे. शाळेत बाई एकच मुद्दा तीनदा सांगतात, फळ्यावर लिहून देतात आणि दुसऱ्या दिवशी उभं करून विचारतात, म्हणजे उजळणी त्याच करून घेतात. इथे ते काम गुपचूप तुझ्या अंगावर टाकलंय आणि तसं कुणी सांगतही नाही, सगळी गोची तिथेच आहे. आणि हो, मान डोलवायला कळावंच लागतं असं थोडंच आहे!

आता नोट्स. शब्दन् शब्द लिहायचा नाद आधी सोड. स्लाइड्स नंतर ऑनलाइन मिळणार आहेत का ते विचारून घे, मिळणार असतील तर त्यावर जे छापलेलं आहे ते परत कशाला लिहायचं, सर त्याच्याबद्दल तोंडी काय बोलतात ते लिही. उदाहरण कुठलं दिलं, कुठे थांबून परत सांगितलं, 'हे लक्षात ठेवा' कशाला म्हणाले. जिथे तुटलं तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, चार ओळी मोकळ्या सोडायच्या आणि पुढे चालू पडायचं, कारण हुकलेलं वाक्य आठवत बसलीस तर पुढची पाच जातात.

कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात पानाची एक सोपी मांडणी काढली होती, ती करून बघ. पानाच्या डावीकडे अरुंद पट्टी सोडायची, उजवीकडे रुंद भागात नोट्स, खाली थोडी जागा. लेक्चरमध्ये फक्त उजवीकडे लिहायचं. संध्याकाळी डाव्या पट्टीत त्यावरचे प्रश्न काढायचे, खाली दोन-तीन ओळींत सार, मग उजवी बाजू हाताने झाकून प्रश्नांची उत्तरं द्यायची. पण हे त्याच दिवशी हं, रविवारवर ढकलू नकोस. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली छापले, त्यात एका दिवसात जवळपास दोन तृतीयांश पाठांतर उडालं होतं. अर्थ असलेलं एवढं भराभर जात नाही, पण तुझ्या परवाच्या नोट्स तुला सध्या अर्थहीनच वाटतायत ना!

लॅपटॉपचं म्हणशील तर २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर यांचा एक अभ्यास गाजला होता, टाइप करणारे जास्त शब्द आणि जसंच्या तसं उतरवतात आणि समजेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात असं त्यात दिसलं. पुढे तो प्रयोग परत केला तेव्हा एवढा स्पष्ट फरक काही आला नाही, त्यामुळे लॅपटॉप वाईटच असं मी म्हणणार नाही. पण त्याने तुझा प्रॉब्लेम सुटत नाही, तू तेच भराभर उतरवशील इतकंच.

पहिल्या आठवड्यात खरंतर वेगळंच काहीतरी टिपून ठेवायचं असतं, मार्क कशाला किती, कुठलं पुस्तक कुठल्या धड्यापर्यंत, आणि सरांना लेक्चरबाहेर कधी, कुठे भेटता येतं. हे सहसा सुरुवातीलाच एकदा सांगतात आणि नेमकं तेव्हा सगळे जागा शोधत असतात.

प्रश्न: ताई, पहिल्याच दिवशी हॉल सापडेना, दहा मिनिटं उशीर झाला, दार ढकलायची हिंमतच झाली नाही, तसाच परत आलो. काय करायला हवं होतं?
– दारातला

उत्तर: आत जायचं रे! वही-पेन बाहेरच हातात काढून ठेवायचं, मागचं दार असेल तर तिथून शिरायचं आणि कडेची पहिली रिकामी खुर्ची पकडायची, सॉरी सॉरी करत बसायचं नाही, त्यानेच जास्त लक्ष जातं. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत तर लेक्चर लिहिलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांनी सुरू करायची जुनी रीतच आहे, पण तुझ्या सरांना हे ऐकवू नकोस. बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स पुढच्या वेळी शेजारी बसेल त्याच्याकडे मागून घे, ओळख काढायला बरंच कारण आहे. आणि उरलेले हॉल रिकाम्या तासाला एकदा पायी फिरून बघून ठेव.