वास येईनासा होणे हे खरोखर इतके मोठे दुःख आहे का?

तुम्ही विचारले आहे की करोनानंतर वडिलांना वास येत नाही, त्यामुळे ते जेवणावरून सतत चिडतात. डोळे किंवा कान गेले असते तर समजू शकलो असतो, पण नाकच गेले आहे, तर त्यांना कसे समजवावे आणि वास परत येतो का. यातले मधले वाक्य जवळजवळ याच शब्दांत माझ्या थोरल्या भावाने २०१२ साली आमच्या आईला ऐकवले होते, आणि म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले आहे. वडिलांना समजवण्यासारखे काहीही नाही. ते जे सांगत आहेत ते खरे आहे.

आमचे घर सांगली जिल्ह्यातले. आईचा कांदा-लसूण मसाला आळीत नावाजलेला होता आणि उन्हाळ्यात चार घरच्या बायका आपापले जिन्नस घेऊन भाजण्यापुरत्या आमच्याकडे येत. खोबरे, तीळ, धणे, दगडफूल हे सगळे आई डोळ्यांनी न पाहता भाजत असे, म्हणजे हात चालू असे आणि तोंड दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असे. भाजणे कुठे थांबवायचे ते तिला नाक सांगे. खोबऱ्याचा वास आधी गोडसर येतो, मग खमंग, मग खरपूस, आणि त्यापुढे करपट. खरपूस आणि करपट यांच्यात अर्ध्या मिनिटाचेही अंतर नसते. त्या अर्ध्या मिनिटात आईने कढई उतरवली नाही असे मी लहानपणापासून कधी पाहिले नव्हते.

२०१२च्या जानेवारीत ती न्हाणीघरात घसरली आणि डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटला. दवाखान्यात स्कॅन झाले, काही निघाले नाही, दोन रात्री ठेवून घरी पाठवले. डोळे तपासले, हातापायांची ताकद पाहिली, नाव-गाव-वार विचारला. वास येतो का, हे कोणीही विचारले नाही. पुढच्या पंधरवड्यात तिची तक्रार सुरू झाली की आमटीला चव नाही, चहा म्हणजे गरम पाणी आहे, भाकरी पुठ्ठ्यासारखी लागते. ती मीठ वाढवू लागली, तिखट तर दुप्पट घालू लागली. घरात आम्ही सगळे तोंड वेडेवाकडे करून जेवत होतो आणि वय झाले, असे आपसात म्हणत होतो.

एप्रिलमध्ये मसाल्याचा दिवस आला. मी माहेरी आले होते आणि मिरच्यांची देठे खुडत पडवीत बसले होते. आतून जळक्या खोबऱ्याचा वास आला, म्हणून धावत गेले, तर आई कढईसमोर उभी होती, उलथने नेहमीच्या लयीत फिरत होते, शेजारच्या काकूंशी बोलणेही चालू होते, आणि कढईत खोबरे काळे पडले होते. काकू संकोचाने गप्प राहिल्या होत्या. मी गॅस बंद केला तेव्हा आईने कढईत पाहिले आणि म्हणाली, "मला वासच येत नाही गं. पडल्यापासून येत नाही." हे ती तीन महिन्यांत पहिल्यांदा इतक्या स्पष्ट शब्दांत बोलली.

संध्याकाळी दादा घरी आला आणि त्याने स्वतःची तपासणी केली. बामची डबी उघडून त्याने आईच्या नाकाखाली धरली. आईने झटक्यात मान मागे घेतली, डोळ्यांत पाणी आले. "बघ, येतोय की वास!" दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, आणि मग आईला म्हणाला, "आणि समज, डोळे गेले असते तर काय केलं असतंस? नाकच आहे ना." त्या दिवसापासून घरात हा विषय मिटला. आईने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला की बामच्या डबीची आठवण करून दिली जाई. मला दुःख याचे आहे की त्या डबीवर काही काळ मीही विश्वास ठेवला.

बामचा झोंबरेपणा हा वास नाही. नाकात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या छताशी असतात आणि त्यांचे बारीक तंतू चाळणीसारखी भोके असलेल्या एका पातळ हाडातून वर मेंदूत जातात. थंडावा, आग, झोंबणे, ठसका या संवेदना मात्र ट्रायजेमिनल नावाची चेहऱ्याची चेता वाहून नेते. बाममधले मेंथॉल, अमोनिया, कांद्याचा झोत, मिरचीचा ठसका हे सारे या दुसऱ्या वाटेने जाते. डोके मागून आपटले की मेंदू कवटीत हलतो आणि त्या चाळणीतून जाणारे नाजूक तंतू तुटू शकतात. स्कॅनमध्ये ते बहुधा दिसत नाही आणि चेहऱ्याची चेता शाबूत राहते. म्हणजे दादाने तपासले ते वेगळेच काहीतरी, आणि निकाल दिला वासाचा. तिखट दुप्पट का होत होते तेही यातूनच कळते, कारण जेवणातली तेवढीच एक गोष्ट आईपर्यंत पोहोचत होती.

चवीबद्दलही तुमचा गैरसमज दिसतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्श्याची मुरलेली चव) एवढेच सांगते. आमटीतले गोडा मसाल्याचे, फोडणीतल्या हिंगाचे, कोथिंबिरीचे जे काही असते ते घास चावताना घशाच्या मागून वर नाकात जाते आणि तिथे कळते. माणसात वासाच्या ग्राहकांची, म्हणजे नाकात वास पकडणाऱ्या प्रथिनांची, सुमारे ४०० कार्यरत जनुके आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली जनुकांचे हे मोठे कुटुंब शोधून काढले आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या ४०० ग्राहकांच्या जोडण्यांतून जे असंख्य वास ओळखता येतात, ते सगळे तुमच्या वडिलांच्या ताटातून गेले आहेत आणि पाच चवी उरल्या आहेत. त्यांची चिडचिड मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

नाक हे हलक्या प्रतीचे इंद्रिय आहे, ही समजूत तुमची किंवा माझ्या भावाची एकट्याची नव्हे. पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मेंदूच्या आकारमानावरून माणसाला वास कमी येणाऱ्या प्राण्यांत बसवले आणि पाठ्यपुस्तकांनी तेच पुढे चालवले. अमेरिकी चेताशास्त्रज्ञ जॉन मॅकगन यांनी २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात या समजुतीची सविस्तर चिकित्सा करून ती निराधार ठरवली. आपल्याकडे न्याय या प्राचीन तर्कदर्शनाने गंधाला थेट पृथ्वीचा विशेष गुण मानले, 'गन्धवती पृथिवी' अशी तिची व्याख्याच केली. पण अपंगत्वाच्या आपल्या २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत वास जाणे नाही. दिसत नाही त्या दुःखाला कागदावरही जागा नाही.

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळे माझा आणि दादाचा वाद कायमचा झाला. २०१३च्या पावसाळ्यात आई दूध तापत ठेवून मेथी निवडत बसली होती. दूध उतू गेले, ज्योत विझली, गॅस येत राहिला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, ज्याचा सडल्यासारखा उग्र वास अगदी अल्प प्रमाणातही येतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथे १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेला नैसर्गिक वायू शाळेच्या इमारतीत साठून स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे मुले व शिक्षक दगावले. गॅसला वास देणे त्यानंतर सक्तीचे होत गेले. म्हणजे जगाने घराघराच्या सुरक्षिततेचा भार ज्या इंद्रियावर टाकला, तेच आईजवळ नव्हते. जिन्यावरून जाणाऱ्या काकूंना वास आला आणि त्यांनी दार वाजवले. आई त्या गॅसमध्ये बसून मेथीची जुडी संपवत आली होती. काही घडले नाही. रात्री दादाने सर्वांसमक्ष निष्काळजीपणाबद्दल तिला बोल लावले आणि दुसऱ्या दिवसापासून शेगडी वहिनीकडे गेली. ज्या बाईची ओळख त्या शेगडीपाशी होती, तिला भाजी चिरण्यापुरते ठेवण्यात आले.

त्याच वर्षी दादाला मुलगा झाला. आईने बाळाला तेल लावले, न्हाऊ घातले, ओवा आणि वेखंडाची धुरी दिली, आणि टाळूवर नाक टेकवून बराच वेळ तशीच बसली. मग मला म्हणाली, "बाळाला वास नाही गं." दादाने ते दारातून ऐकले आणि अशुभ बोलणे म्हणून मनात धरले. ती बाळाबद्दल काहीच बोलली नव्हती, स्वतःबद्दल बोलत होती. हे मी त्याला त्या दिवशी सांगितले, नंतरही सांगितले, आणि आज इथेही लिहून ठेवते.

२०२० साली दादाला करोना झाला आणि अकरा दिवस त्याला वास आला नाही. त्या अकरा दिवसांत त्याने दोन डॉक्टरांना फोन केले, मला चार वेळा केला, जेवण माती लागते म्हणाला, आणि आपले काही कायमचे बिघडले तर, या भीतीने रात्री जागला. मी त्याला दोष देत नाही, भीती वाटणारच. पण वास परत आल्यावर आईजवळ जाऊन, तू आठ वर्षे खरे बोलत होतीस, एवढे त्याने म्हणायला हवे होते. ते त्याने अजून म्हटलेले नाही.

तुमच्या वडिलांसाठी काय करता येईल, तर वासाचा सराव. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल या वासाच्या संशोधकांनी २००९ साली ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी असे चार वास चार बाटल्यांत घ्यायचे, रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली सुमारे दहा सेकंद हुंगायची आणि त्या वेळी तो वास पूर्वी कसा येत असे ते आठवायचे. निदान बारा आठवडे तरी हे करायचे, पुढेही चालू ठेवले तर चांगलेच. वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून यात अर्थ आहे. नीलगिरीचा थंडावा लागला म्हणजे वास आला असे समजू नका, ती पुन्हा बामची डबीच झाली.

घरात गॅस कळवणारे यंत्र आजच बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीच्या आत लावायचे. नळाने येणारा गॅस हलका असतो, त्यासाठी ते छताजवळ लावायचे. अनेक घरांत हे उलटे लावलेले असते. सिलिंडरची गळती झाली तर १९०६ हा क्रमांक वडिलांच्या फोनमध्ये असू द्या. दुधावर आणि उरलेल्या भाजीवर तारीख लिहा, म्हणजे आंबले का हे त्यांना दरवेळी दुसऱ्याला विचारावे लागणार नाही. आणि यातले काहीही कारण सांगून त्यांना स्वयंपाकघरातून उठवू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझ्या आईची इजा वेगळी आणि तुमच्या वडिलांचे कारण वेगळे. करोनात बहुधा चेतापेशी तुटत नाहीत. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर विषाणू हल्ला करतो, कारण त्याला चिकटायला लागणारे प्रथिन त्या पेशींवर असते. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, काहींचा अर्धवट येतो, काहींचा येत नाही. परत येताना तो विकृतही येऊ शकतो, कॉफीला जळक्या रबराचा किंवा कांद्याला सडका वास येऊ शकतो. त्या वेळी ते जेवण नाकारतील, तेही खरेच माना. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, कारण नाकातील मांसवृद्धी किंवा सायनसची सूज असेल तर तिच्यावर उपचार होतो. उतारवयात वास हळूहळू जाणे हे कधी कधी पार्किन्सनच्या आजाराचे (कंपवाताचे) फार आधीचे लक्षण असते, पण वास कमी झालेल्या बहुतेकांना तो आजार नसतो, तेव्हा एवढ्यावरून घाबरू नका.

आईने सराव सुरू केला तो आठ वर्षे उशिरा, २०२०च्या दिवाळीनंतर. ती माझ्याकडे राहते आणि शेगडी तिच्या हातात आहे. खोबरे ती आता रंगावर भाजते, तुकडा पांढऱ्या ताटलीत टाकून पाहते आणि मला हाक मारते. लिंबाच्या बाटलीवर ती इतरांपेक्षा जास्त वेळ थांबते. काही आले की सांगते आणि मी वहीत तारीख टाकते. वहीत आजवर एकोणीस नोंदी झाल्या आहेत, त्यांतल्या चौदा लिंबाच्या आहेत. तुमच्या वडिलांसाठी अशी वही आणा, आणि पहिल्या पानावर आज आमटीत त्यांना नेमके काय लागले आणि काय लागले नाही ते त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा.