विचारा ताईला : इंटरव्ह्यूत तोंडच उघडत नाही

प्रश्न : ताई, मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, गेल्या वर्षी बी.कॉम झालं. सध्या मामांच्या हार्डवेअर दुकानात बिलं टॅलीत चढवते. मागे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अकाउंट असिस्टंटचा इंटरव्ह्यू होता, साहेबांनी पहिल्यालाच टेल मी अबाउट युवरसेल्फ म्हटलं आणि मला नाव-गाव सोडून काही सुचलंच नाही. मग कन्नड येतं का, वीकनेस काय, पगार किती पाहिजे, लग्न कधी, सगळ्यालाच अडखळले. आता एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, बोलावलंय. यूट्यूबवरची उत्तरं पाठ करून जाऊ का?

उत्तर : पाठ अजिबात नको गं. समोरच्याने तीच उत्तरं सकाळपासून ऐकलेली असतात, आणि मधला एक शब्द विसरलीस की पुढचं सगळंच जातं. नाव-गाव, वडील काय करतात, छंद, हे बायोडाटात असतंच. त्यांना बघायचं असतं की ही पोरगी आमचं काम करेल का, आणि तू तर वर्षभर तेच काम करतेयस, फक्त दुकान मामांचं आहे म्हणून तुला ते काम वाटत नाही. असं सांग : "बी.कॉम झालंय, वर्षभर हार्डवेअर दुकानाची खरेदी-विक्री टॅलीत मी चढवते, जीएसटीसाठीचा डेटा सीएंकडे मीच पाठवते, आता कारखान्याचे हिशोब शिकायचेत म्हणून आले." एवढंच, मिनिटाच्या आत. डेटा मामाच पाठवत असतील, तर ते वाक्य काढून टाक, खोटं एकही नको कारण पुढचा प्रश्न त्यातनंच येतो. घरी मोठ्याने बोलून बघ, आधी मराठीत आणि मग जमेल तसल्या इंग्लिशमध्ये, मनातल्या मनात म्हटलेलं तोंडात बसत नाही.

कामाचे प्रश्न आपल्या भागात कुठून येतात ते लक्षात घे. बेळगावची कास्टिंग, म्हणजे ओतलेले धातूचे भाग, कोल्हापूरलाही जातात आणि हुबळीलाही. कोल्हापूरचं बिल म्हणजे राज्याबाहेर, तिथे आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी; हुबळी आपल्याच राज्यात, त्या बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. हे हमखास विचारतात. माल 50 हजारांच्या वर गेला आणि राज्याबाहेर चालला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं. फौंड्रीत अजून एक असतं, कास्टिंग मशीनिंगला बाहेर पाठवतात म्हणजे जॉबवर्क, ते विक्रीच्या बिलावर नाही तर डिलिव्हरी चलनावर जातं आणि वर्षाच्या आत परत यायला पाहिजे. दुकानात हे तुला दिसलं नसणार, म्हणून आधीच वाचून जा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी (एकूण कराचा हिशोब) 20 पर्यंत, ह्या दोन तारखा तोंडावर पाहिजेत.

कन्नडचं म्हणशील तर लाजू नकोस आणि येतं असं खोटंही सांगू नकोस. फौंड्रीत मशीनवर काम करणारी माणसं, ड्रायव्हर, ऑफिसातले, सगळ्यांशी बोलायला लागतं म्हणून विचारतात, ते रास्तच आहे. "नन्ग कन्नड स्वल्प बरतद री, कलियाकत्तीनि" (मला कन्नड थोडं येतं, शिकतेय) एवढं हसून म्हटलंस तरी समोरचा मोकळा होतो, मी हे कितीतरी पोरांच्या बाबतीत बघितलंय. तोच तुझा वीकनेसही सांग : कन्नड वाचायला वेळ लागतो, रोज बसच्या पाट्या आणि पेपर वाचून सराव करते. पण सराव खरंच सुरू कर, आजच. "मी परफेक्शनिस्ट आहे" तेवढं म्हणू नकोस.

पगाराला "तुम्ही द्याल तो" म्हणायचं नाही, आपल्या पोरी इथेच मार खातात. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या कारखान्यांत अकाउंटला असलेल्या दोघी-तिघींना आधी विचार, खानापूर-बेळगाव येण्याजाण्याचा खर्च धर आणि आकडा सांग. हातात किती पडणार हेही विचार, पीएफचे साधारण 12 टक्के आणि पगार 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापले जातात.

लग्नाचा प्रश्न मला स्वतःला मुळीच पटत नाही, पोरांना कुणी विचारत नाही तो. तरी आला तर चिडू नकोस, "कामाच्या वेळा मला जमतील, घरच्यांशी बोलणं झालंय" एवढंच बोलून थांब.

प्रश्न : ताई, मी निपाणीचा, आयटीआय मशिनिस्ट. वडील आजारी होते म्हणून दोन वर्षं तंबाखूचं शेत मीच बघितलं. आता कागलच्या एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटरसाठी जायचंय, गॅप विचारला तर काय सांगू?

उत्तर : जे झालं तेच, एका वाक्यात : वडील आजारी होते, शेती सांभाळली, आता ते बरे आहेत, मी रोज येऊ शकतो. लपवायला जाशील तर अडकशील, आणि घर सांभाळलेल्या पोराला कुणी वाईट म्हणत नाही. खरी भीती हाताचा सराव सुटल्याची आहे, तिथे तयारी कर. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01, सीएनसी प्रोग्रॅममधल्या जी00 आणि जी01 कोडमधला फरक, एम03 कोड कशाला, हे विचारतात आणि बरेचदा जॉब हातात देऊन मापच घ्यायला लावतात. आयटीआयच्या सरांना फोन कर, दोन-तीन दिवस वर्कशॉपमध्ये येऊ का म्हणून विचार, आणि जाताना ओरिजिनल मार्कशीट घेऊन जा.