दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या लढाऊ विमानाचं रेझिन मॉडेल पहिल्यांदाच करतोय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही सोलापूरहून लिहिलंय की काकांनी परदेशातून आणलेलं फेअरी फायरफ्लाय या ब्रिटिश विमानाचं १/४८ चं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या मापाचं) अख्खं रेझिनचं किट तुमच्याकडे आहे. आजवर प्लास्टिकचीच मॉडेलं केलीत. डबा उघडला तर एक पंख केळीच्या पानासारखा वाकलेला, जागोजाग टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि प्रत्येक भागाला जाड ठोकळा चिकटलेला. किट खराब निघालं असं समजून तुम्ही डबा परत बंद केलात.

तो डबा उघडा. किट चांगलं आहे. रेझिनचं किट असंच येतं.

मीही सोलापूरचाच, पूर्व भागात राहतो. आजवर रेझिनची चार विमानं पूर्ण केली आहेत, त्यातलं एक फायरफ्लाय. त्यामुळे इथल्या हवेत काय होतं आणि इथल्या बाजारात काय मिळतं, ते धरूनच सांगतो.

प्लास्टिकचं किट पोलादी साच्यात दाबाने भरून बनतं आणि त्या साच्यातून हजारो नग निघतात. रेझिनसाठी रबरासारखा सिलिकॉनचा साचा असतो. दोन द्रव मिसळून त्यात हाताने ओततात, मिश्रण काही मिनिटांत घट्ट होतं. असा साचा काही डझन नग काढले की फाटायला लागतो. म्हणून मोठ्या कंपन्या ज्या विमानांकडे फारशा वळत नाहीत, ती रेझिनमध्ये मिळतात. ओतताना अडकलेली हवा म्हणजे तुम्हाला दिसलेली भोकं. ज्या तोंडातून रेझिन ओतलं तिथे घट्ट झालेला भाग म्हणजे तो ठोकळा. आणि पातळ लांब भाग पुरता घट्ट व्हायच्या आत साच्यातून काढला, की तो वाकतो.

पहिलं काम धुणं. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहतो आणि त्या थरावर ना डिंक धरत ना रंग. कोमट पाणी, भांड्याचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घ्या. खाली चाळणी ठेवा, नाहीतर अँटेनाचा खांब मोरीतून गेलेला कळणारही नाही. धुऊन रात्रभर सावलीत वाळू द्या.

ठोकळे कापायला कटर किंवा पक्कड वापरू नका, रेझिन ठिसूळ असतं, कडेचा तुकडा उडतो. मधल्या मारुतीजवळ सराफी हत्यारं मिळतात, तिथून सोनाराची बारीक करवत आणि तिची पाती घ्या. दागिना कापायची ती करवत रेझिनला अगदी योग्य आहे. कापताना भागापासून एक मिलिमीटर लांबच कापा, उरलेलं घासून काढा. घासायला गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला वॉटर पेपर, ४०० पासून १२०० पर्यंत, आणि तो पाण्यातच. एक गोष्ट मनापासून सांगतो: रेझिनची कोरडी भुकटी छातीला फार वाईट. ती पिठासारखी हवेत तरंगते. मास्क लावा, ओलंच घासा आणि घरात लहान मूल असेल तर हे काम गच्चीवर करा.

आता तो वाकडा पंख. एक जुनं पसरट पातेलं फक्त याच कामाला ठेवा, पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि पंख आत सोडा. अर्ध्या-पाऊण मिनिटात तो चामड्याच्या पट्ट्यासारखा होतो. चिमट्याने धरला तर टोक आपोआप खाली झुकतं, तीच खूण. लगेच बाहेर काढून खिडकीच्या काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि तळव्याने हलकेच दाबून धरा. बोटाच्या टोकाने दाबू नका, खळगा पडतो. तसाच दाबलेला असताना वरून गार पाणी ओता. हात काढल्यावर कड काचेला टेकली का ते उजेडासमोर धरून बघा. राहिला असेल वाक तर पुन्हा करा. माझ्या फायरफ्लायच्या डाव्या पंखाला तीन वेळा करावं लागलं. गरम पाण्यातून पंख पहिल्यांदा मऊ होऊन बाहेर येतो तेव्हा सगळं बिघडलं असं वाटून पोटात गोळा येतो. तिथे धीर धरा.

भोकांसाठी फेविक्विक आणि टाल्कम पावडर. पावडरीत थेंब कालवून सुईच्या टोकाने भोकात भरा, घट्ट झालं की घासा. खायचा सोडा घातला तर क्षणात घट्ट होतं, पण ते रेझिनपेक्षा कडक बनतं आणि घासताना बाजूचं रेझिन आधी झिजतं. म्हणून पावडरच बरी.

प्लास्टिकचं सिमेंट इथे उपयोगाचं नाही. ते प्लास्टिक विरघळवून जोडतं आणि रेझिन त्याने विरघळत नाही. लहान भागांना फेविक्विक, मोठ्यांना दोन ट्यूबवालं एपॉक्सी. पण पंख नुसत्या डिंकावर सोडू नका. युद्धकाळातल्या फायरफ्लायचा पंखविस्तार १३.५६ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये सव्वाअठ्ठावीस सेंटीमीटर, आणि भरीव रेझिन जड असतं. पंखाच्या मुळाशी आणि धडाला समोरासमोर एक मिलिमीटरची दोन-दोन भोकं पाडून पितळी तारेच्या खुंट्या बसवा. तार मिळायला सराफी सामानाचीच दुकानं. खुंट्यांमुळे पंखाचा कोनही हातात राहतो. एका अंशाची चूक पंखाच्या टोकाला जवळपास अडीच मिलिमीटर होते आणि समोरून बघणाऱ्याला तीच आधी दिसते. विमानाचा समोरून काढलेला आराखडा त्याच मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, आणि एपॉक्सी वाळेपर्यंत विमान त्या पुठ्ठ्यात बसवून ठेवा.

चाकांचे पाय रेझिनचे असतील तर ते बाजूला काढून पितळी तारेचे करा. माझं पहिलं रेझिनचं विमान मी माळ्याखालच्या फळीवर ठेवलं होतं, वर पत्रा. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. आठवड्याभरात दोन्ही पाय बाहेर फाकले आणि विमानाचं पोट फळीला टेकलं. तीन महिन्यांची मेहनत होती ती, फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझ्या एकाही मॉडेलचे पाय रेझिनचे नसतात. फायरफ्लायचं तिसरं चाक शेपटीखाली आहे, त्यामुळे नाकात वजन भरायची कटकट मात्र नाही.

कॉकपिटची काच बहुतेक पातळ पारदर्शक प्लास्टिकची असेल. ती फेविकॉलनेच लावा. फेविक्विकच्या वाफेने काचेवर पांढरा ढग धरतो, पावसाळ्यात तर हमखास. फायरफ्लायला अशा दोन काचा आहेत, कारण माणसं दोन: पायलट पंखाच्या पुढच्या कडेशी आणि ऑब्झर्व्हर पार पंखाच्या मागे. समुद्रावर खाणाखुणा नसतात, परतीची वाट शोधून विमानवाहू बोट गाठायला दुसरा माणूस हवा, हा ब्रिटिश नौदलाचा विचार. मागच्या माणसाची जागा रिकामी सोडू नका. या विमानाचं वेगळेपण तिथेच आहे.

आणि पंखा, म्हणजे नाकावरचा प्रोपेलर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चांगली चांगली मॉडेलं इथे चुकतात. फायरफ्लायला रोल्स-रॉइसचं ग्रिफन इंजिन होतं. ते त्याच कंपनीच्या मर्लिनच्या उलट फिरतं, म्हणजे पायलटच्या जागेवरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. त्यामुळे पात्यांचा पीळही उलटा. रेझिन किटमध्ये पाती बहुधा सुटी येतात आणि कोन आपणच द्यायचा असतो. ज्याने मर्लिनवाली स्पिटफायर केलेली असते त्याचा हात सवयीने तसाच वळतो. विमानासमोर बसा, एक पातं बरोबर वर उभं धरा. त्याची तुमच्या उजव्या हाताकडची कड पुढे, तुमच्याकडे आलेली असली पाहिजे. ती मागे असेल तर पंखा उलटा लागला. मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती: मार्क १ ला पाती तीन, मार्क ४ ला चार.

मार्कची खात्री आणखी एका जागी करा. मार्क १ चा रेडिएटर नाकाखाली हनुवटीसारखा लोंबतो. मार्क ४ मध्ये तो पंखांच्या पुढच्या कडेत गेला आणि नाक एकदम सडपातळ झालं. दुसऱ्या महायुद्धात लढलं ते हनुवटीवालं: जुलै १९४४ मध्ये नॉर्वेत टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात आणि जानेवारी १९४५ मध्ये सुमात्रातल्या पालेमबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर. पालेमबांगला निघालेला ताफा श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून सुटला होता. माझं विमान मी त्याच मोहिमेचं केलं.

तुम्हाला जमलं तर गोव्याला जाऊन या. वास्कोजवळ, दाबोळीच्या बाजूला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं, आणि तिथे एक खरं फायरफ्लाय ठेवलंय. आपल्या नौदलाने पन्नासच्या दशकात ही विमानं कोचीला नेमबाजीच्या सरावाचं लक्ष्य हवेत ओढायला वापरली. तिथलं विमान मार्क १ वरूनच बदललेलं आहे, त्यामुळे हनुवटी तीच. मी तिच्यासमोर बराच वेळ थांबलो होतो. चित्रांत ती गोल टोपलीसारखी वाटते. प्रत्यक्षात पुढचं तोंड बरंच रुंद आहे आणि मागे ती पोटात अलगद मिसळते. माझ्या किटमध्ये तिथे सरळ पायरी होती. घरी आल्यावर पुट्टी भरून ती पायरी मी मोडली. फोटो काढताना पंख धडाला जिथे मिळतो तो कोपरा विसरू नका. रंग मात्र तिथला घेऊ नका, तो युद्धकाळातला नाही.

युद्धकाळातला रंग वरून दोन करडे, एक निळसर गडद आणि एक हिरवट, आणि खालून स्काय नावाचा फिका हिरवट. पूर्वेकडच्या ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकलेला असे, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच माणसाने गोळी घालू नये म्हणून. डब्यातल्या डिकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या खुणांमध्ये, लाल मधोमध असेल तर ते पूर्वेकडच्या मोहिमेतलं विमान नव्हे असं समजा.

रंगाआधी प्रायमर हवाच, रेझिनवर रंग थेट धरत नाही. प्रायमर दिला की राहिलेली भोकं लख्ख दिसतात. ती भरा, पुन्हा प्रायमर. दोन फेऱ्या धरूनच चाला.

आणि तूस. तुमच्या आसपास यंत्रमाग असतील तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत टॉवेलचे माग आहेत आणि कापसाची तूस दिवसभर हवेत असते, ओल्या रंगावर बसली की केसासारखी उठून दिसते. मी शेजारचे माग बंद असतात त्या दिवशी, पहाटे सहाला, खोलीत पाणी शिंपडून रंग मारतो आणि वर लगेच प्लास्टिकचा डबा पालथा घालतो. उन्हाळ्यात आठ वाजल्यानंतर रंग एअरब्रशच्या टोकातच वाळतो. दिवाळीपासून संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठेपर्यंतचे दिवस इथे रंगाला सगळ्यात चांगले. आता धुणं, कापणं, घासणं सुरू केलंत तर रंगाला बरोबर तेच दिवस मिळतील.

प्रतिक्रियेत नाकाचा आणि सुट्या पात्यांचा एकेक फोटो टाका. किट कुठल्या मार्कचं आहे आणि पात्याची कुठली कड पुढे घ्यायची, ते मी खूण करून पाठवतो.