अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा 200 डॉलर कर गेला. आता तो थेट विकत घेऊन कॅरीच्या (रोज अंगावर बाळगायच्या) पिस्तुलाला लावता येईल का?
थेट नाही: 1 जानेवारी 2026 पासून कर शून्य झाला, पण 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखालची नोंदणी कायम आहे. फॉर्म 4 (मालकी हस्तांतराचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो हे सगळं लागतंच. एटीएफची (बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या फेडरल संस्थेची) मंजुरी येईपर्यंत सायलेन्सर डीलरकडेच राहतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कसह आठ राज्यांत तर बंदीच. कॅरीसाठी मी तो मुळीच सुचवणार नाही. पिस्तूल सहा-सात इंचांनी लांबतं, काढताना अडकतं. ग्लॉक 19 सारख्या बॅरल (नळी) झुकणाऱ्या पिस्तुलात सायलेन्सरला बूस्टर (पिस्तुलाची हालचाल नीट होऊ देणारा स्प्रिंगचा भाग) नसेल तर स्लाइड (वरचा सरकणारा भाग) पुरती मागे जात नाही, दुसरी गोळी चढत नाही. त्यापेक्षा ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) घ्या. एच-1बी व्हिसावर असाल तर आधी थांबा: वैध शिकार परवान्यासारखा अपवाद नसेल, तर बंदूक बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे.