गेट बंद झाले, मग पुढे?

“मधल्या विमानतळावरचे सात तास मी एकटीने कसे काढू?” हा प्रश्न माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा विचारला गेला आहे की, समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच त्यामागची भीती मला ओळखू येते. ही उड्डाणाची भीती नव्हे. उड्डाणाला घाबरणाऱ्याला विमानात बसायचे नसते. थांब्याला घाबरणाऱ्याला मात्र विमान आपल्याला न घेता निघून जाईल, ही धास्ती असते. त्यात परका देश, न कळणारी भाषा, रात्रीची वेळ आणि हातातल्या पासपोर्टाची जबाबदारी यांची भर पडते, आणि तिकिटावर केवळ ‘थांबा’ म्हणून नोंदलेला काळ माणसाला सगळ्या प्रवासाहून मोठा वाटू लागतो.

या चिंतेचे जे रूप मला सर्वाधिक शिकवून गेले, ते एका प्राध्यापिकेचे. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते येथे मांडत आहे. चार वर्षांपूर्वी परिषदेला जाताना मधल्या विमानतळावर त्यांना रात्री सहा तास थांबावे लागले होते. त्या गेटासमोरच्या खुर्चीवर बसल्या, त्यांचा डोळा लागला, दरम्यान गेट बदलले आणि त्या नव्या गेटापाशी धावत पोहोचल्या तेव्हा दार बंद झाले होते. त्यानंतरच्या प्रवासात त्यांनी थांब्यावर एक क्षणही डोळे मिटले नाहीत. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी प्यायल्या नाहीत, दर दोन मिनिटांनी फलक पाहत राहिल्या. आणि इतक्या पहाऱ्यानंतर पासपोर्टाची पिशवी मोबाइल चार्ज करण्याच्या जागेवरच विसरून उठल्या. मागून कोणीतरी हाक मारली म्हणून ती परत मिळाली. आता तिसरा प्रवास दीड महिन्यावर आला होता आणि त्यांना तो रद्द करायचा होता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीचा माझ्यावर गाढ प्रभाव आहे. घटना माणसाला तेवढी अस्वस्थ करत नाही, जेवढी त्या घटनेबद्दलची त्याची हटवादी मागणी करते, हे या विचारसरणीचे सार. मराठीत ही मागणी पकडणे सोपे जाते, कारण ती बहुतेक वेळा एका अक्षरात बसलेली असते.

“या वेळी माझ्याकडून चूक होताच कामा नये,” त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

“चूक होऊ नये, असे म्हणून पाहा.”

त्यांनी तसे म्हटले आणि क्षणभर थांबल्या. “अर्थ तोच आहे की.”

“अर्थ जवळचा आहे, पण वजन निराळे आहे. ‘होऊ नये’ ही इच्छा आहे. ती तुम्हाला तयारी करायला लावते. ‘होताच कामा नये’ हे फर्मान आहे. ते तुम्हाला पहारा द्यायला लावते. पासपोर्टाची पिशवी तुम्ही तयारीत विसरलात की पहाऱ्यात?”

हे त्यांना पटले, पण केवळ बुद्धीला. पुढच्या दोन-तीन भेटींत आम्ही त्या ‘च’च्या मागे लागलो, तरी रात्री त्यांना तेच बंद दार स्वप्नात दिसत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आले की, चार भेटींमध्ये त्यांनी ती घटना मला किमान सहा वेळा सांगितली होती आणि प्रत्येक वेळी ती एकाच वाक्यावर संपली होती: “मी पोहोचले, तर गेट बंद झालेले.”

“मग पुढे?” मी विचारले.

“पुढे काय? विमान चुकले.”

“हो. पण तुम्ही आज माझ्यासमोर बसला आहात, म्हणजे पुढे काहीतरी झाले असणार. गेट बंद झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटापासून सांगा.”

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग एक एक करून आठवू लागले. त्या दाराशी उभ्या राहून रडल्या होत्या. मग डोळे पुसून त्यांनी दिशाफलक वाचत विमान कंपनीचा ट्रान्सफर डेस्क शोधला होता. रांगेत पाऊण तास उभ्या राहिल्या होत्या. ठरलेली रक्कम भरून एकोणीस तासांनंतरच्या विमानात त्यांनी जागा मिळवली, विमानातून उतरवलेल्या आपल्या सामानाची चौकशी केली, घरी फोन केला, परिषदेच्या आयोजकांना कळवून आपले सत्र दुसऱ्या दिवशी घ्यायला लावले. माहिती कक्षाजवळ, जिथे दोन कुटुंबे झोपली होती, तिथे जागा निवडून त्या पाच तास शांत झोपल्या होत्या.

“हे सगळे तुम्ही एकटीने केलेत?”

“हो,” त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, “हे मी कधी कोणाला सांगितलेच नाही.”

त्या दिवशी आम्ही दुसरे काहीही केले नाही. करण्याची गरजही नव्हती. ज्या प्रसंगाला त्या आपल्या नाकर्तेपणाचा पुरावा म्हणून चार वर्षे जपत होत्या, त्याच प्रसंगाचा उत्तरार्ध त्यांच्या निभावण्याच्या क्षमतेचा सर्वांत भक्कम पुरावा होता, आणि तो मी त्यांना दिला नव्हता, तो त्यांचाच होता. पूर्वी मी अशा व्यक्तींना “वाईटात वाईट काय होईल?” असे विचारत असे. उत्तर मिळे, पण भीती तिथेच गोठून राही, कारण चिंतेला वाईटात वाईट चित्र रंगवायला आवडतेच; तिला आवडत नाही ते पान उलटणे. तेव्हापासून मी “मग पुढे?” असे विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतक्या लहान प्रश्नाने इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मात्र विवेक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. हट्ट गेला की तयारीला जागा होते, म्हणून पुढच्या भेटींत आम्ही तयारीकडे वळलो, आणि हा भाग मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. थांब्याची निम्मी सुरक्षितता तिकीट काढतानाच ठरते. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकल्यास पुढच्या प्रवासाची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील, तर तो भार बहुधा प्रवाशावर येतो. सामान चेक-इन करताना त्याला लावलेल्या पट्टीवर अंतिम विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. काही देशांत केवळ विमान बदलण्यासाठीही काही नागरिकांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेत तर पुढे दुसऱ्या देशात जायचे असले, तरी आधी इमिग्रेशन पार करून देशात रीतसर प्रवेश घ्यावा लागतो. तिथे दीड तासाचा थांबा म्हणजे चिंतेला स्वतःहून दिलेले निमंत्रण आहे.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते, हे माहीत असूनही थकलेल्या मेंदूकडून चुकते. म्हणून उतरल्यावर पहिले काम घड्याळ लावण्याचे. दुसरे काम, पुढचे गेट प्रत्यक्ष पायी जाऊन पाहून येण्याचे. टर्मिनल बदलायचे असेल, वाटेत पुन्हा सुरक्षा तपासणी असेल, तर ते आधी कळलेले बरे. त्या तपासणीत १०० मिलिलिटरहून मोठी बाटली अनेक ठिकाणी अडते. ड्यूटी फ्रीमधून घेतलेले द्रवपदार्थ पावतीसह मोहोरबंद पिशवीतच राहू द्यावेत. आणि एक गोष्ट ध्यानात असावी: आवाज कमी ठेवण्यासाठी कित्येक मोठे विमानतळ प्रत्येक विमानाची उद्घोषणा करत नाहीत. तिथे आपले नाव कोणी पुकारील या भरवशावर राहू नये. फलक हीच उद्घोषणा समजावी.

पण फलक सतत पाहायचा नाही. हा मुद्दा प्राध्यापिकाबाईंसाठी कळीचा ठरला. सात तासांपैकी प्रत्यक्ष काही करण्याची वेळ जेमतेम दीड तास असते. उरलेल्या साडेपाच तासांत काळजी करणे हे काम नसते, ते फक्त कामासारखे वाटते. आम्ही ठरवले की त्या तासाला एकदा, ठरलेल्या मिनिटाला फलक पाहतील आणि बोर्डिंग सुरू होण्याआधीच्या तासात दर दहा मिनिटांनी पाहतील. मधला वेळ त्यांचा स्वतःचा.

झोपेविषयीही स्पष्ट बोलावे लागले, कारण न झोपणे म्हणजे सुरक्षितता, अशी त्यांची पक्की समजूत होती. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. त्यातून उतरलेल्या शरीराला पाणी आणि विश्रांती नाकारली, की छातीत धडधड आणि डोक्यात बधिरपणा येणारच, आणि त्यालाच आपण ‘काहीतरी वाईट होणार’ असे समजतो. दोन गजर लावावेत, एक मोबाइलवर आणि एक मनगटी घड्याळावर. पासपोर्ट आणि पैसे कपड्यांच्या आत ठेवावेत, पिशवीचा पट्टा पायाभोवती गुंडाळावा, आणि निर्मनुष्य कोपरा टाळून उजेडात, माहिती कक्षाच्या किंवा कुटुंबांच्या जवळ पडावे. अनोळखी माणसाशी गप्पा खुशाल माराव्यात. त्याची पिशवी मात्र एका मिनिटासाठीही सांभाळू नये, मग तो कितीही केविलवाणा दिसो. नकार देणे हा उद्धटपणा नाही, हे विशेषतः स्त्रियांना मला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

धडधड वाढलीच, तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असे पाच मिनिटे. तेवढ्यानेही भागले नाही, तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सरळ सांगावे, “मला घाबरल्यासारखे होत आहे, मदत हवी आहे.” लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सुरू झालेली सूर्यफुलाची हिरवी फीत आता जगातल्या अनेक विमानतळांवर मिळते, ती गळ्यात घातलेल्या प्रवाशाला वरवर न दिसणारी अडचण आहे, हे कर्मचाऱ्यांना न सांगता कळते. मोठ्या चिंतेने ग्रासलेल्या प्रवाशांनी ती जरूर मागावी.

प्राध्यापिकाबाई गेल्या. थांब्यावरून मला त्यांचा एकच संदेश आला: “गेट बदलले. फलकावर पाहिले. चहा संपवून मग निघाले.” परतल्यावर त्यांनी सांगितले की त्या पन्नास मिनिटे झोपल्या आणि पहिल्या गजराच्या थोडे आधीच जाग्या झाल्या. पुढच्या वर्षीच्या प्रवासात अकरा तासांचा थांबा आहे. विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिट हॉटेलात खोली घ्यावी, की व्हिसा काढून शहर पाहून यावे, हे त्यांना ठरवायचे आहे, आणि त्यासाठी त्यांनी माझी वेळ मागितलेली नाही.